रिकाम्या गाडीचं वजन

पहिल्याच भेटीत आबांनी माझं वजन सांगितलं. मी बँकेच्या काउंटरवर, समोर दहाबारा माणसं, आणि हा धोतर-टोपीतला उंच, वाळका म्हातारा मला वरपासून खालपर्यंत बघून सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, तुमी एकसष्ट किलो. चपलांसकट." मागं उभी असलेली बाई तोंडाला पदर लावून हसली. मी म्हटलं, काम काय ते बोला. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. संध्याकाळी बारामतीत मेडिकलसमोर स्कूटर लावली आणि तिथल्या काट्यावर चपला काढून उभी राहिले. साठ आणि वर थोडं. चपला घालून परत उभी राहिले. एकसष्ट. मेडिकलवाला विचारायला लागला, मॅडम, मशीन बिघडलंय का? मी घरी गेले आणि उगाचच नवऱ्यावर चिडले.

हा माणूस चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. कारखान्याचं नाव सांगत नाही, मला अजून बारामतीतच राहायचं आहे. आबांचंही नाव सांगत नाही. सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणायचे. उसानं भरलेली गाडी काट्यावर यायची, आबा वजन लिहायचे. गाडी गव्हाणीवर रिकामी होऊन परत यायची, आबा रिकाम्या गाडीचं वजन लिहायचे. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की राहिला तो शेतकऱ्याचा ऊस. मग पावती. काम म्हटलं तर एवढंच. पण बैलांच्या टायरगाडीपासून दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरपर्यंत इतक्या गाड्या त्या डोळ्यांखालून गेल्या होत्या की डोळाच काटा झाला होता. बोकड दाखवा, सिलिंडर दाखवा, कडेवरचं पोर दाखवा, आबा आकडा सांगणार. आमच्या साहेबांना, म्हणजे शाखाधिकाऱ्यांना, "एकोणनव्वद, बुटांसकट" असं सांगून त्यांनी पहिल्याच दिवशी वैरी करून ठेवलं होतं.

आमची शाखा इंदापूर तालुक्यात, कळंबच्या अलीकडं. मी रोज बारामतीहून स्कूटरवर यायची. एमआयडीसीत सकाळची पाळी भरायच्या वेळेला निघायचं, त्या मोटारसायकलींच्या लोंढ्यातून जीव वाचवत बाहेर पडायचं, आणि शाखेत पोचावं तर शटरसमोर आबा उभे. उभेच. खुर्ची दिली तरी बसायचे नाहीत. काट्यावर गाडी असताना बसायचं नसतं म्हणे. बँकेत कुठली आली गाडी? पण विचारायची सोय नव्हती. चहा घ्यायचे नाहीत. बँकेच्या दोरीला बांधलेल्या पेनला हात लावायचे नाहीत. स्वतःचं पेन स्वतःच्या सदऱ्याच्या बटणाला दोरीनं बांधलेलं. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शाळेची वही, आणि वहीत चिकटवलेल्या पोचा.

पोच म्हणजे आबांचा देव. कागद दिला की ज्याला दिला त्याची सही आणि शिक्का पाहिजे. ग्रामपंचायत असो, वीज मंडळ असो, देवळाची वर्गणी असो. त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, मला सांगितलं होतं की पोरीच्या लग्नाची पत्रिका वाटतानासुद्धा आबांनी यादी बरोबर नेली आणि घराघरातून "पत्रिका मिळाली" म्हणून सह्या घेतल्या. सख्ख्या मेहुण्याचीसुद्धा घेतली. मेहुणा रुसला. पण लग्नाला सगळं गाव आलं, कारण आमंत्रण नव्हतं म्हणायला कुणाला जागाच नव्हती, असं आबांचं म्हणणं. आक्कांचं म्हणणं, लोक तमाशा बघायला आले होते.

आणि स्वतः कुठला कागद घेतला की पोच देताना दोन शब्द जास्तीचे लिहायचे. त्याची गोष्ट मी निम्मी आबांकडून ऐकली आणि निम्मी त्यांच्या कारखान्यातल्या जोडीदारांकडून. एकदा एका संचालकाचा ट्रॅक्टर काट्यावर आला. भरलेल्या ट्रॉलीत उसाच्या खाली दगड होते. गव्हाणीकडं जाताना दगड वाटेत उतरवायचे आणि रिकामी गाडी हलकी दाखवायची, असला तो खेळ. आबांनी बघितलं आणि गाडी मागं घ्यायला लावली. ड्रायव्हर म्हणाला, ट्रॅक्टर कुणाचा आहे माहीत आहे ना? आबा म्हणाले, काट्याला काय कळतंय कुणाचा ते. दुसऱ्या दिवशी बदली झाली, रिकाम्या पोत्यांच्या गोदामात. आबांनी बदलीचा हुकूम लेखी मागितला, उभ्या उभ्या वाचला, आणि खाली सही करून लिहिलं, "मिळालं. मान्य नाही." आणि जाऊन आख्खा हंगाम पोती मोजली. पुढच्या हंगामात परत काट्यावर आणले, कारण रांगेतले शेतकरी ओरडायला लागले होते.

तेव्हापासून प्रत्येक कागदावर तेच. लाईटबिल आलं, मिळालं, मान्य नाही. नातवाचं प्रगतिपुस्तक आलं, मिळालं, मान्य नाही. त्याला गणितात कमी मार्क होते.

आता मूळ गोष्ट. आबा निवृत्त झाले, फंड आणि ग्रॅच्युइटी आमच्या शाखेत मुदतठेवीत ठेवली. पेन्शन म्हणून जे यायचं त्यात आक्कांच्या शुगरच्या गोळ्यासुद्धा बसायच्या नाहीत. घर चालायचं ते दर तिमाहीला येणाऱ्या व्याजावर. एका नोव्हेंबरात आबा दोन कागद घेऊन आले. एक हयातीचा दाखला, आणि दुसरा तो पंधरा-एच फॉर्म, म्हातारी माणसं बँकेला देतात तो: माझं सगळं उत्पन्न मिळून कर बसत नाही, तेव्हा व्याजातून कर कापू नका. मी म्हटलं, आबा, उशीर झाला. जून आणि सप्टेंबर, दोन्ही वेळचा कापून गेला. हा फॉर्म एप्रिलात द्यायचा असतो.

आमच्या भागातली ही चूक मला त्या दिवशी कळली. कारखान्यात जन्म गेलेल्या माणसाचं वर्ष एप्रिलात सुरू होतच नाही. गव्हाणीत मोळी पडली, हंगाम सुरू झाला, की वर्ष सुरू. एप्रिलात तर पट्टा पडलेला असतो, गाळप बंद, सगळं शांत. तेव्हा कोण नवीन वर्षाचे कागद काढणार? त्यात नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला द्यायचाच असतो, तर एका खेपेत दोन्ही कागद. सगळे निवृत्त कामगार असेच यायचे, आणि सगळ्यांचा दोन तिमाह्यांचा कर कापून गेलेला असायचा. बाकीचे हळहळून घरी जायचे. आबा गेले नाहीत.

"माज्यावर कर बसतो का?"

मी म्हटलं, नाही बसत.

"मग कापला कशापायी?"

मी नियम सांगितला. व्याज अमुक मर्यादेच्या वर गेलं की बँकेनं कापायचा. कर बसत नसेल तर तसं तुम्ही लिहून द्यायचं, दरवर्षी.

"म्हंजी मी गरीब हाय हे मीच दरसाल लिहून द्यायचं. आन् न्हाय दिलं तर मी श्रीमंत?"

मग त्यांनी काउंटरवर हात टेकला आणि मला काटा शिकवला. भरलेल्या गाडीतून रिकामी वजा केल्याशिवाय आपण जन्मात पावती फाडली नाही, म्हणाले. माणसाचं खाणं, त्याचं औषध, त्याचं लाईटबिल, हे रिकाम्या गाडीचं वजन. ते आधी वजा करायचं. मग ऊस उरला तर त्यातून काय घ्यायचं ते घ्या. "तुमी रिकाम्या गाडीचंच वजन धरलं. गाडीत ऊस कुठं हाय?" मी म्हटलं, आबा, कायद्यातही तसंच आहे, रिटर्न भरा, कापलेलं परत मिळतं. तर म्हणाले, आधी घ्यायचं आणि मग परत द्यायचं, याला आमच्याकडं काय म्हणतात ते बाईमाणसासमोर सांगत नाही.

पण रिटर्न भरलं. एसटीनं बारामतीला तीन खेपा घातल्या, एका सल्लागाराला धरलं, त्याची फी दिली, त्याचीही पावती घेतली. पुढं बऱ्याच महिन्यांनी परतावा जमा झाला तेव्हा पासबुक घेऊन आले, मला नोंद छापायला लावली आणि शेजारी स्वतःच्या पेनानं लिहिलं, "मिळालं. उशिरा."

इथवर झालं असतं तर आबा म्हणजे एक वैतागवाणा खातेदार, एवढंच मला आठवलं असतं. पण त्याआधीच, त्या नोव्हेंबरानंतरच्या मार्चात, त्यांनी सायकल काढली. जुन्या जोडीदारांच्या घरोघर हिंडून सांगायला लागले, सरकारचं वर्ष एप्रिलात लागतं, आपलं मोळी पडल्यावर लागतं, त्या मधल्या खड्ड्यात आपले पैसे जातात. फॉर्म आत्ता भरा, मी नेऊन देतो. बॉयलरवर काम केलेले होते, मळीच्या टाकीवर काम केलेले होते, आणि एक वॉचमनची विधवा होती, सगळे तिला मावशी म्हणत. मावशीचा बँकेवर कवडीचा विश्वास नव्हता. नवरा गेल्यावर आलेले पैसे तिनं ठेवीत ठेवले होते तेही आबांच्या सांगण्यावरून, आणि तेव्हापासून ती त्यांना दर आठवड्याला विचारायची की पैसे आहेत ना जाग्यावर? असे अकरा जण, आणि बारावे आबा.

एक एप्रिलला आबा हजर. आणि बँकेला वर्षअखेरीमुळं कुलूप. आम्ही आत मान मोडून काम करतोय आणि बाहेर शटरवर टकटक. मी फटीतून सांगितलं, आबा, उद्या या. "सरकारचं वरीस आज लागलं आन् तुमी दार लावून बसला?" त्या माणसाला उत्तर देता येईल असा प्रश्न त्यानं मला कधी विचारलाच नाही.

दोन तारखेला परत आले. शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती, सर्व्हर सकाळपासून दोनदा बसला होता आणि माझं डोकं तापलेलं. बारा फॉर्म त्यांनी माझ्या हातात दिले आणि म्हणाले, पोच. बारा कागदांवर तारीख, शिक्का, सही. मागं वीस माणसं खोळंबलेली. मी म्हटलं, "आबा, तुम्ही जावा घरी, मी बघते. माझ्यावर विश्वास नाही का?"

ते थांबले. माझ्याकडं बघितलं, मागच्या रांगेकडं बघितलं. मग म्हणाले, तुमी म्हंता तर ठिवा, आणि गेले. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही, पोच न घेता कागद दिलेली त्यांची ती एकच वेळ. माझ्यासाठी मोडलेला नेम.

आणि मी ते फॉर्म पाकिटात घातले आणि ड्रॉवरमध्ये टाकले. नोंद केली नाही. दुपारी करू म्हटलं, मग उद्या करू म्हटलं, मग ऑडिट लागलं, मग आईचं ऑपरेशन निघालं आणि मी पंधरा दिवस रजेवर गेले. कारणं खूप आहेत. मी विसरले, हे खरं कारण आहे.

जूनअखेरीला व्याज जमा झालं आणि बाराही जणांचा कर कापला गेला. यादी बघितली तेव्हा मला ते पाकीट आठवलं. ड्रॉवर उघडला, कॅलेंडरखाली पाकीट तसंच. तशीच साहेबांकडं गेले. साहेब वाईट माणूस नव्हते, पण भित्रे होते, आणि माझ्या बढतीची फाईल त्यांच्याच टेबलावर होती. त्यांनी पाकीट बघितलं आणि एवढंच विचारलं, पोच दिली आहे का? मी म्हटलं, नाही. मग ते म्हणाले, फॉर्म आलेच नाहीत. आजच्या तारखेला नोंद करा, पुढचा कर कापला जाणार नाही, आणि कापलेला त्यांना रिटर्न भरून मिळेल. कुणाचं काय बिघडलं?

कुणाचं बिघडलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. आबा आले. चेहरा असा की आजारी आहेत का विचारावं. मावशी भल्या सकाळी त्यांच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि शेजारपाजाऱ्यांसमोर म्हणाली होती, आबा, तुमी माझा काटा मारला. आता काटा मारणं म्हणजे वजनात चोरी. उसाच्या मुलखात काट्यावरच्या माणसाला याहून वाईट शिवी नाही. संचालकानं गोदामात टाकलं तेव्हासुद्धा त्यांना असं कुणी म्हणालं नव्हतं. बाकीचे दहा जण तोंडावर बोलले नव्हते, पण आबांनी फॉर्म दिलेच नसतील, विसरले असतील, आता वय झालं, असं पारावर चाललं होतं. पैसे आज ना उद्या परत आले असते. चौतीस वर्षांचं नाव कुठून परत आणणार?

आबांनी मला एकच विचारलं. "बाई, दोन तारखंला मी तुमच्या हातात बारा फॉर्म दिलं. दिलं का न्हाय?"

साहेब त्यांच्या केबिनच्या दारात येऊन उभे होते. मला बढतीची फाईल दिसत होती, घराचा हप्ता दिसत होता. मी म्हटलं, "बघावं लागेल, आबा."

काय झालं ते त्यांना तेव्हाच कळलं, मला खात्री आहे. ते भांडले नाहीत. वर-खाली बघितलं नाही, वजन सांगितलं नाही, पिशवी उचलली आणि गेले. मला माझीच इतकी किळस आली की दुपारचा डबा उघडवला नाही.

पुढच्या सकाळी स्कूटर वळवली तर शाखेसमोर बारा माणसं रांगेत उभी. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी. आबांनी जुन्या वजनपावत्यांच्या पाठीवर नंबर घालून वाटले होते, कारखान्यावर गाड्यांना देतात तसे. एक नंबर मावशीला. तिला त्यांनी कसं तयार करून आणलं देव जाणे, कारण ती त्यांच्याशी बोलत नव्हती. शटर वर गेलं आणि आबा दारात उभं राहून एकेकाला आत सोडायला लागले. दुसऱ्या गिऱ्हाईकाला त्यांनी अडवलं नाही, पण गिऱ्हाईकंच काम सोडून बघत उभी राहिली.

मावशीनं माझ्यासमोर अर्ज ठेवला. आबांचंच अक्षर, खाली तिचा अंगठा. फॉर्म दोन एप्रिलला दिला होता, त्याचं काय झालं ते लेखी कळवावं, आणि या अर्जाची पोच द्यावी. बाराही जणांचा एकच मजकूर. साहेब माझ्या मागं येऊन हळूच म्हणाले, घेऊन ठेवा, शिक्का नको.

मी काही शूर बाई नाही. घरात पाल निघाली तर मी पलंगावर चढते. पण मावशी माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत मी आणि बँक आणि आबा सगळे एकाच माळेचे मणी होतो. त्यातला एक तरी मणी खोटा नव्हता, आणि ते मलाच माहीत होतं. मी शिक्का उचलला. मारला. आणि शिक्क्याखाली लिहायला लागले. साहेब म्हणाले, मॅडम, काय करताय? मी म्हटलं, पोच देतेय. आवाज चढला माझा, आख्ख्या शाखेनं ऐकला.

लिहून झालं, कागद मावशीपुढं सरकवला. तेव्हा दारातून आबा म्हणाले, "तिला वाचता येत न्हाय. मोठ्यांदा वाचा."

मी उभी राहिले आणि वाचलं. "बाराही फॉर्म दोन एप्रिलला आबांनी माझ्या हातात दिले होते. मला मिळाले होते. नोंद करायची मी विसरले. चूक माझी आहे, आबांची नाही."

मावशीनं कागद घेतला, घडी घातली, कमरेला खोचला. आबांकडं जाऊन माफीबिफी काही मागितली नाही, तसल्या रीतभाती तिच्याकडं नव्हत्या. ती दारापाशी गेली आणि त्यांच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या हातात घेतली, आणि रांग संपेपर्यंत ती धरून उभी राहिली. आबांना एवढं पुरलं.

मी बाराही कागदांवर तेच लिहिलं. हात दुखायला लागला. शेवटचा बारा नंबर आबांचा. त्यांनी कागद हात लांब करून वाचला, शिक्क्यावरची तारीख बघितली, वहीत ठेवला. मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "त्रेसष्ट," म्हणाले, "तब्येत सुधारली." मला रडू फुटलं, आणि सगळ्यांसमोर फुटलं म्हणून त्यांचा रागही आला.

मला मेमो आला. बढतीच्या यादीत नाव आलं नाही. मेमोच्या स्थळप्रतीवर सही करताना आबांचे दोन शब्द पेनाच्या टोकाशी आले होते, पण चूक खरीच होती, म्हणून लिहिलं, मिळाला, मान्य आहे. हे आबांना सांगितलं तर ते नाराज झाले. विसरल्याचं मान्य करा, म्हणाले, पण बढती अडवली ते कशाला मान्य करायचं? दोन वेगवेगळ्या गाड्या हायत त्या. पुढच्या उन्हाळ्यात रविवारी लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या ओट्यावर बसले आणि बाराही जणांची रिटर्नं भरली, फुकट. नेटवर्क पाण्याच्या टाकीखालीच यायचं, तर आबांनी टाकीखाली बाज टाकली. आक्कांनी दर खेपेला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. बाराही जणांचे पैसे परत आले. मावशीनं शेजारणीची ठेव आमच्या शाखेत आणून ठेवली.

आबा गेले ते हंगामात, ऊसगाड्यांनी रस्ते भरलेले असताना. बारामतीच्या दवाखान्यात होते, मी ऑफिस सुटल्यावर जायची. नर्सनं काट्यावर उभं राहायला सांगितलं तर म्हणाले, कशाला, लिव्हा सत्तेचाळीस. नर्सनं तरी उभं केलं. सत्तेचाळीस. माझ्याकडं बघून म्हणाले, "हे रिकामं वजन हाय बरं का. हे धरायचं न्हाय." नंतर औषधाच्या बिलाची पावती मिळाली नाही म्हणून त्यांनी सलाईन लावलेल्या हातानं वॉर्डबॉयला दोनदा खाली पिटाळलं. मला वाटलं, एवढं भांडण अंगात आहे तर माणूस घरी येईल. नाही आला. आणि मी ते अजून मान्य केलेलं नाही.

ठेव आक्कांच्या नावावर झाली. त्या कागदांना त्यांचा मुलगा यायचा. आक्का स्वतः बँकेत कधी आल्या नव्हत्या. दोन एप्रिलला आल्या. शटर उघडलं तर दारात रांग, हातात नंबरांच्या चिठ्ठ्या, आणि पुढं आक्का, खांद्याला आबांची पिशवी. ऊन तेव्हाच चढलं होतं. आक्कांनी काउंटरवर फॉर्म ठेवला. मला वर-खाली बघितलं आणि म्हणाल्या, वाळला की वो बाई, दोन किलो तरी उतरला असाल, जेवत जावा. आता या माउलीला कशाला तिष्ठत ठेवायचं, असं वाटलं मला. मी म्हटलं, आक्का, ऊन लागतंय, तुम्ही जावा घरी, मी बघते.

आक्का हलल्या नाहीत. पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडून काउंटरवर ठेवलं.

"त्येनीबी एकदा तुमच्यावर इस्वास ठिवला हुता," म्हणाल्या. "पोच द्या."

मी शिक्का उचलला.